नवसाची दाढी

आमचं मालक, म्हंजे माझा नवरा, नाव कृष्णात, शिरोलीच्या एका फौंड्रीत पोरास्नी मास्क घालायला शिकिवत्यात. हसू नका. नाकावर रबराचा मास्क चढवायला काय शिकायचं, असं मीबी म्हणायचे. वीस वर्सं ह्यांनी ओतीव लोखंड घासलं, नाकाला नुसता टावेल बांधून. आता फुफ्फुसात साच्याच्या वाळूची धूळ बसलीया. दवाखान्याचा जिना चढताना मधी दोनदा बसत्यात. म्हणून कंपनीनं हे काम दिलं.

शिकिवताना मातर अंगात कुठनं येतं कुणास ठावं. "पावणं, गळ्यात अडकवायला त्यो काय साज हाय व्हय? नाकावर घ्या," असं वरडत्यात. मग माणसाच्या डोक्यावर प्लास्टिकचं टोपडं चढवायचं, त्याच्या भोकातनं कडू औषधाचा फवारा मारायचा. मास्क नीट बसला असंल तर कडू लागत न्हाय. लागलं तर समजायचं, धूळबी तशीच आत जाणार.

आमचा पोरगा ऋतुराज तिथंच पॅकिंगला हुता. गेल्या आठवड्यात सायबानं सांगितलं, सोमवारपास्नं घासायला हुभा ऱ्हा. दुसरीकडं काम बघ म्हणून मी लय बोलले. ऐकंल तर शपथ.

अन् शाणी मीच. दोन वर्सांमागं ह्यांना दवाखान्यात ठेवलंतं, तवा जोतिबाला नवस बोलले, "ह्यांचा दम बरा हू दे, तवर माझं लेकरू दाढीला वस्तरा लावणार न्हाय." पोरानं दाढी राखली. छातीपतोर आली. गल्लीतली माणसं त्याला महाराज म्हणायची आन् मला कौतुक.

रविवारी सकाळी ह्ये ते टोपडं घेऊन अंगणात आले. ऋतुराजला खुर्चीवर बसवलं, मास्क चढवला, पट्टं आवळलं, टोपडं घातलं. पयला फवारा मारला आन् पोरानं तोंड वाकडं केलं.

"कडू लागतंय, आबा."

पट्टं आजून आवळलं. तरी कडू. दुसरा मास्क आणला, त्योबी तसाच.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "दाढीच्या केसांतनं वारं शिरतंय गं. ह्यो असाच गेला तर माझ्यासारखा हुईल."

मी म्हणलं, "नवस मोडला आन् तुमास्नी काय झालं तर?"

ह्यांनी पोराच्या डोक्यावरचं टोपडं काढलं. मग हळूच म्हणले, "माझा दम बरा हुनार न्हाय. डॉक्टरनं पयल्याच दिवशी सांगितलंतं. तुला सांगायचं धाडस झालं न्हाय. तुझा नवस फिटायचाच न्हाय."

मला आदी राग आला. दोन वर्सं दर रविवारी मी जोतिबाचा डोंगर चढत हुते, आन् ह्ये माझ्या हातचा अंगारा कपाळाला लावून घेत हुते, सगळं ठावं असून. असं फसवत्यात व्हय बायकूला? लय बोलले. मग माझी मीच भ्याले, कारण भांडताना त्यांच्या छातीतनं शिट्टीसारखा आवाज येत हुता आन् पोरगं त्यांच्याकडं टक लावून बघत हुतं.

आत जाऊन कात्री आणली. पयला हात मीच चालवला. नवस मी बोललेला, मोडायचाबी मीच. जोतिबाला म्हणलं, काय राग धरायचा त्यो माझ्यावर धर, ह्या दोघांवर नको. वस्तरा मातर ह्यांनीच फिरवला. दाढीखालनं पोराचं तोंड निघालं, पार शाळंतल्यासारखं.

पुना मास्क. पुना टोपडं. ह्यांनी दहा फवारं मारलं.

"कडू?"

"न्हाय."

"नक्की?"

"काय बी लागत न्हाय, आबा."

तेवढ्यानंबी ह्यांना धाप लागली. तसंच पायरीवर बसले. मी केस पदरात गोळा केलं आन् शेजारी बसले. दोन वर्सं त्यांचा श्वास मी बरा झाला का म्हणून ऐकायचे. आता त्यो बरा हुनार न्हाय हे ठावं असूनबी ऐकत बसले.