सर्टनच्या रकान्यातली सही

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी पिठाच्या गिरणीत एकोणीस वर्षं चाळणी सांभाळली. चाळणी म्हणजे घरातली नव्हे. खाटेएवढी, यंत्रावर हलणारी. रोज सकाळी ती थांबवून जाळीची एकही तार तुटलेली नाही हे बघायचं आणि कागदावर सही करायची. मगच आदल्या दिवसाचं पीठ गाडीत चढायचं. खाली दुसरी सही माझी. मी पोती शिवायचे. मला तिथे चिकटवलं त्यांनीच, त्यामुळे घरी आणि कामावर दोन्हीकडे त्यांचा धाक, आणि दोन्हीकडे माझी कुरकुर.

एकदा मालकांनी इंग्रजी छापील कागद आणले. सहीच्या रकान्यावर 'सर्टन' असा शब्द. अर्थ न कळता सही करतील तर त्या जाऊबाई कसल्या? त्यांनी लेकीला विचारलं. ती कॉलेजात इंग्रजी शिकत होती. म्हणाली, सर्टन म्हणजे नक्की, पक्कं. मग जाडजूड कोश काढून तिने पुढचंही वाचलं: शब्द मूळचा लॅटिन, 'चाळणं, वेगळं करणं' अशा क्रियापदावरून आलेला. चाळून, निवडून जे ठरलं ते सर्टन. झालं, बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या लॅटिनवाल्यांनाही चाळल्याशिवाय नक्की म्हणता येत नव्हतं, हे मला आठवडाभर ऐकावं लागलं. पाच मिनिटांची तपासणी पंधरा मिनिटांवर गेली. गाडीवाले वैतागले. मी त्यांच्या मागे त्यांना 'सर्टनबाई' म्हणू लागले.

एका मंगळवारी जाळी तपासायचा खालचा दिवा गेला होता. बाहेर गाडीवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. जाऊबाई अंधारातच जाळीवरून बोटं फिरवत होत्या, नवा दिवा येऊ दे म्हणत होत्या.

"अहो, कालच तर धड होती," मी म्हटलं. "करा की सही."

त्यांनी केली. खाली मीही केली, मी तर जाळीकडे पाहिलंसुद्धा नाही. सोमवारचं पीठ बेकरीला गेलं.

बुधवारी नव्या दिव्यात दिसलं. कोपऱ्यातली बोटाच्या पेराएवढी तार नाहीशी झाली होती.

मालकांनी आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. गोष्ट सरळ होती. मंगळवारी सकाळी जाळी धड असेल, तर तार मंगळवारच्या पिठात, आणि ते अजून गोदामातच होतं. नसेल, तर ती सोमवारच्या पिठात, म्हणजे एव्हाना घरोघर गेलेल्या पावांत.

"सही माझी आहे, साहेब," जाऊबाई म्हणाल्या. "पण मी सर्टन नाही. दिवा नव्हता. बेकरीला कळवा."

सहीचा लकडा मी लावला होता, हे त्यांनी सांगितलं नाही. मालक माझ्याकडे वळले. बेकरीला कळवलं तर गिऱ्हाईक हातचं जाणार, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. नोकरी जाईल, एवढंच डोक्यात होतं.

"मी बघितली होती," मी म्हटलं. "जाळी धड होती."

त्यांना तेवढंच हवं होतं. न बघता सही केली म्हणून जाऊबाईंना तिथल्या तिथे घरी बसवलं. पण त्या घरी गेल्याच नाहीत, तडक बेकरीवर गेल्या. बेकरीवाल्याने गिरणीत फोन केला, तर मालकांनी त्याला माझ्या सहीचा हवाला दिला. मग जाऊबाई बेकरीच्या दारातच उभ्या राहिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या, काल-आज नेलेला पाव मुलांना देऊ नका. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. एकोणीस वर्षं जिने चाळलेलं पीठ खाल्लं, त्या बाईला कुणी पाणीही विचारलं नाही.

तार कुणाच्या तोंडात गेली का, हे आजवर कळलेलं नाही. जाऊबाईंनी मला कधी जाब विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं. चाळणी आता मी सांभाळते.

त्या बुधवारी मंगळवारचं सगळं पीठ आम्ही पुन्हा चाळलं. तीनदा चाळलं. तार त्यात नव्हती. तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, जाऊबाई अजून बेकरीच्या दारात उभ्या होत्या आणि मालक ऑफिसात बसले होते. मी सुई घेतली आणि पोती शिवायला बसले.