हापशाला दिलेली विश्रांती

पानामावशीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. हापसे दुरुस्त करणारी बाई. खांद्यावर कायम मोठा पाना, म्हणून हे नाव. हापशातले पाइप वर ओढताना त्यांना खालून धरणारी पकड सुटली, तर सगळे पाइप बोअरच्या तळाशी जातात. मग तो हापसा गेलाच. मी तिच्यासोबत बरीच वर्षं पाइप ओढले. तिने एकही पाडला नाही. तरी दर वेळी ती घाबरे आणि पकड तीनतीनदा तपासे. मी एकदा चेष्टा केली, तर म्हणाली, "तू घाबरत नाहीस, म्हणूनच तुला खालची पकड देत नाही."

आमचा पगार परदेशी मदतीतून यायचा. पूर्वी मदत देणारे नुसते बसवलेले हापसे मोजत. बसवला, वर आकडा रंगवला, झाली मदत. पुढे पाणी येवो न येवो. तज्ज्ञांचा विमानप्रवास आणि हॉटेलातला मुक्कामही मदतीतच धरत. पुढे तिकडच्याच लोकांनी भांडून मोजण्याची पद्धत बदलली. लोकांच्या हंड्यात पडेल तीच मदत. जो हापसा कोणी वापरत नाही तो गणतीतून बाद, आणि त्याचे सुटे भागही बंद. मावशीला हे पटलं. पण तपासणी तिच्याच गल्लीपासून सुरू होणार म्हटल्यावर तिची झोप उडाली.

गल्लीतला हापसा बंद पडला, की खाली ओढ्यात उतरावं लागे. त्या उतारावर तिची जाऊ घसरली होती, ती आजही वाकूनच चालते. आता घरातलं पाणी मावशीची मुलगी भरत होती, आणि तिला आठवा महिना होता.

पाहुणे येणार म्हटलं, की आदल्या संध्याकाळपासून हापशाला विश्रांती द्यायची, ही आमची जुनी रीत. खाली पाणी साठतं आणि पहिल्याच दांड्याला जोरदार धार लागते. साहेब लोक खूश होऊन जात. या वेळीही मावशीने स्वतः कुलूप लावलं. बायकांनी चौथरा आणि सांडपाण्याची नालीही घासून कोरडी केली. शेजारीण म्हणाली, पोराच्या लग्नातही एवढं घर घासलं नव्हतं.

तपासणीवाली बाई सकाळीच आली. तिने दांड्याला हातही लावला नाही. दुभाष्यासोबत समोरच्या पायरीवर बसून ती वाट बघत राहिली. सगळी गल्ली धुतलेल्या कपड्यांत दारात उभी, हंडे घरात. कोणी हलेना, मावशीनेच दम भरला होता. ऊन चढलं. बाई उठली आणि तिने सांडपाण्याच्या नालीत बोट फिरवलं. ओल नाही, शेवाळ नाही.

तेव्हा मावशीच्या डोक्यात प्रकाश पडला, बाई धार नाही, पाणी भरणारी माणसं शोधत होती. तिने किल्ली माझ्याकडे फेकली. मी उघडलं. तिने मुलीला हाक मारली, "हंडा घेऊन ये गं." मग सगळी गल्लीच हंडे घेऊन धावली.

दुभाष्याने बाईचं बोलणं सांगितलं, "मी बघतेय म्हणून आता भरताय."

"नाही बाई," मावशी म्हणाली, "तुम्ही बघणार म्हणून थांबलो होतो."

बाईने भरलेल्या हंड्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, हे खरंही असेल, पण लोक सांगतील ते ऐकून मी मोजायला लागले तर पुन्हा पूर्वीचंच सुरू होईल. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. हापसा गणतीतून गेला. पुढची तपासणी वर्षाने.

दोन आठवड्यांत दांडा हलका लागू लागला. आतले वायसर झिजले होते. मावशी रात्रभर बसून राहायची आणि उजाडायच्या आत जाऊन दांडा मारून बघायची. ऑफिसात भाग मागितले, तर साहेबांनी नकारार्थी मान हलवली. म्हणाले, "मावशी, तो हापसा आता आपला नाही." इतर गल्ल्यांतले हापसे मात्र गणतीत होते, त्यांच्या दुरुस्तीचा पगार चालू होता. दिवसभर ते दुरुस्त करून तिने त्याच मदतीतला पगार घेतला, आणि त्यातून आपल्या गल्लीतल्या हापशासाठी वायसर, साखळी आणि एक नवा पाइप विकत आणला.