डाव्या बटणावरची पट्टी

गणपतीत आरतीला लावतात तो स्पीकर साहेबांनी त्या सकाळी माझ्या बेइज्जतीसाठी लावला.

चारकोपच्या आमच्या कारखान्यात स्टीलचे डबे बनतात. सगळ्यांना शेडमध्ये उभं केलं. साहेबांनी मोबाईल स्पीकरला जोडला आणि शेडभर एक बाई ओरडली, "डाव्या बटनावरची पट्टी कारा! नायतं कोनाचा तरी हात जाल, मंग ररत बसाल!"

बाई मीच.

असा हशा उठला की छपरावरची कबुतरं थेट गोराईला जाऊन बसली.

"काढा नाही, कारा!" साहेबांनी नाक दाबलं. "कोण बोलतंय बरं, तोंडात बोंबील धरून?"

सगळ्या माना माझ्याकडे. शेडमध्ये कोळीण मी एकटी. मढची.

पत्रा दाबून डबा काढणाऱ्या आमच्या प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच साचा खाली येतो. म्हणजे तो पडताना हात आत नसतात. सुपरवायझरनं डावं बटण चिकटपट्टीनं कायमचं दाबून टाकलेलं. एका हातानं पत्रा सरकवा, दुसऱ्यानं दाबा. काम झरझर.

मग साच्यानं सुनंदाचा हातमोजा खाल्ला. तिचं बोट वेळेवर निघालं. मोज्याचं बोट पापडासारखं चपटं. ती हसली. दुसरा मोजा चढवला आणि परत बसली.

कँटीनमध्ये हेड ऑफिसचा बोर्ड होता. 'गैरप्रकार दिसला? निर्भयपणे फोन करा. नाव गुप्त राहील.' केला फोन. नाव सांगितलं नाही, एवढी हुशारी केली. पण राग आला की माझ्या तोंडी घरची बोली येते. त्यात माझा आवाज असा, की मढच्या धक्क्यावरून हाक मारली तर वर्सोव्याची मांजरं तोंडातला मासा सोडतात. नाव गुप्तच राहिलं. आवाज मात्र सरळ साहेबांच्या मोबाईलवर पोचला.

"उद्यापासून तूच बस त्या प्रेसवर," साहेब म्हणाले. अगदी मऊ. "सगळ्यांच्या हातांची काळजी आहे ना तुला?"

सगळे आपापल्या मशीनकडे वळले.

दुसऱ्या दिवशी माझ्या बाकावर डबा खायला मी एकटी. सुनंदासुद्धा लांब. माझं दुखणं लागेल जणू.

तो प्रेस जिवंत आहे. रिकामा असला की घोरतो, मी बसले की जागा होतो. खोटं वाटत असेल तर या, बसून बघा.

सुपरवायझर पाठीशी उभा. उजवा हात बटणावर, डावा साच्यात. हात काढला, साचा पडला. त्याचा वारा बोटांना लागला. थंड.

मासे कापताना आईची बोटं जन्मभर कोयत्याच्या धारेशी खेळली, सगळी शाबूत आहेत. पण कोयता तिच्या हातात असतो. इथे माझा हात दुसऱ्याच्या कोयत्याखाली होता, आणि वर मलाच म्हणत होते, सांभाळून.

मी पट्टी टराटरा ओढली.

"कोणी काढली?"

"मी."

"लाव परत."

"नाय लावत."

शेडच्या मधोमध उभी राहिले आणि बोर्डावरचा नंबर परत लावला. स्पीकर लागला नाही, माझा गळा पुरला. माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं. साहेबांचं नाव, सुपरवायझरचं नाव. मग म्हटलं, "आन आता कायपन गुप्त ठेवू नका."

आता रोज सकाळी पट्टी परत लावलेली असते. रोज मी ती काढते. वरून फोन आलेला नाही. साहेब मला बघून हसतात, ते मला आवडत नाही.

काल सुनंदा शेजारून गेली. बघितलं नाही, फक्त ओठ हलले, तिच्या मालवणीत. "गेटार दोघे तुझी चवकशी करी होते गो. घर खंय, इचारी होते."

"सांग त्यांना, मढला या," मी म्हटलं, सगळ्या शेडला ऐकू जाईल असं, "आवाजावरून ओळखतील."

नखांखाली पट्टीचा गोंद काळा झालाय. मी तो घासत नाही. उद्या परत काढायची आहे.