ज्या बंडीत मला उचलून घेतलं

फौजेतून घरी आलो तेव्हा गावात मला मान होता. कापसाचे भाव पडलेले ते दिवस. व्यापारी मातीमोल भावाने मागत, म्हणून सरकारी खरेदी केंद्रापुढे कापसाच्या बैलबंड्यांची रांग दोन-दोन दिवस हलत नसे. त्या फाटकावर मी पहारेकरी लागलो. सरहद्दीवर सतरा वर्षं उभा राहिलो होतो, त्याचा मला माज होता. हे लिहितानाही मान खाली जाते.

एका दुपारी एक विधवा बाई रांग सोडून बंडीसकट पुढे आली. म्हणाली, "भाऊ, पोरीले कळा सुरू झाल्या, निरोप आला. तिच्याजवळ कोणी नाही. कापूस टाकून जाता येत नाही, माही बंडी तेवढी आधी घ्या."

"नियम सगळ्यांले सारखा," मी म्हणालो. ती हटेना, तेव्हा तिच्या बैलाला काठी हाणली. बैल बिथरला, बंडी कलंडली, कापूस मातीत सांडला. कोणीतरी हसलं. मीही हसलो.

ती खाली बसून मुठीमुठीने कापूस गोळा करत होती, ते पुढे वर्षभर डोळ्यांपुढून हललं नाही. तिचं गाव मला माहीत होतं. गेलो नाही. माणसाची माफी मागायला लाज वाटत होती, म्हणून नवरात्रात केळापूरच्या देवीला अनवाणी निघालो. पायरीवर डोकं टेकलं की सुटलो, असा माझा हिशेब.

उपास आणि आश्विनातलं ऊन. वाटेत डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी एका शेताच्या धुऱ्यावर, बांधावर कोसळलो. शुद्ध आली तेव्हा तोंड ओलं होतं, उशाशी पाण्याचा गडवा होता. कोणीतरी मला बंडीत, ताज्या वेचलेल्या कापसावर निजवलं होतं. बंडी दवाखान्याकडे चालली होती. हाकणारीने मागे वळून पाहिलं. तीच बाई होती.

मी कोपरावर उठून विचारलं, "बाई, मले वयखलं नाही का तुम्ही?"

"वयखलं. पाणी पाजतानाच वयखलं."

"मंग काहून उचललं?"

"उन्हात पडले होते न तुम्ही."

पोरीचं विचारायची हिंमत नव्हती, तरी विचारलं. ती पुढे पाहतच म्हणाली, "पोरगी वाचली. लेकरू नाही. तुमच्यानं गेलं असं नाही म्हणत मी. पण मी तिच्याजवळ पाह्यजे होती."

दवाखान्याच्या दारात मी तिच्या पायांशी वाकलो. तिने पाय मागे घेतले. "पाया नका पडू. आधी आत जा, सुई घ्या."

त्या वर्षी केळापूरला पोचलोच नाही. बरा झाल्यावर तिच्या घरी गेलो, पोरीपुढे हात जोडून सगळं कबूल केलं. पोरगी उठून आत गेली. आईने चहा ठेवला. तो प्यालो.

लोक विचारतात, देवी पावली का? मी वाद घालत नाही. एवढंच सांगतो, की ज्या हातांना मी मातीतून कापूस वेचायला लावला, त्याच हातांनी मला उचललं, आणि त्याबद्दल मी ऋणी आहे. पोरीने माफ करावं म्हणून मी आता नवस बोलत नाही. ते तिचं आहे. माझ्याकडे उरली ती लाज, आणि तिच्यातून सोडव असंही देवीला सांगत नाही.