जिभाऊंची टांकसाळ

युद्धाच्या त्या वर्षांत पैसा पाडणारी दोनच माणसं मला ठाऊक होती. एक विलायतेतले राजेसाहेब आणि दुसरे आमचे जिभाऊ. राजेसाहेबांना मी कधी पाहिलं नाही. जिभाऊंना मात्र खांडबारा स्टेशनाबाहेर, धोतराचा सोगा खोचून, कडू भोपळ्यातून पैसा कापताना रोज बघत होतो.

मी तेव्हा स्टेशनावर पार्सलबाबू होतो आणि जिभाऊंचं चहा-भज्यांचं दुकान फलाटाच्या कुंपणाला लागून होतं. मूळचे ते शहाद्याकडचे, कळसाडीचे. चूल पेटवली इथं, पण बोली जन्मभर तिकडची अहिराणीच ठेवली. त्या दिवसांत चिल्लर अशी गायब झाली की विचारता सोय नाही. बाजाराला आलेली डोंगरातली माणसं रुपया पुढे करायची, आणि मोड आणायची कुठून? कुणी मोड म्हणून पोस्टाची तिकिटं द्यायचं, ती घामानं एकमेकांना चिकटून बसायची. मग जिभाऊंनी वाळलेल्या भोपळ्याच्या कवचातून गोल चकत्या कापल्या, झाऱ्याचा दांडा तापवून एकेकीवर डाग दिला आणि तारेत ओवून टांगता याव्यात म्हणून मधोमध भोक पाडलं. एक चकती म्हणजे अर्धा आणा, अर्थात एक चहा.

मी त्यांची भरपूर टर उडवली. भोपळ्याला पैसा कोण म्हणेल, असं विचारलं. गिऱ्हाइकाच्या तळहातावर चकती दाबून ठेवायची त्यांची सवय होती. तशी ती ठेवत ते म्हणाले, "बाबू, कोन्ही लिधा ते पैसा, नही लिधा ते भोपया." आणि लोकांनी घेतला की हो! मीठवाला, कासार, न्हावी, सगळे ती चकती बिनबोभाट घेऊ लागले. जिभाऊंकडे नेली की चहा मिळणार, हे पक्कं होतं. साखर रेशनात अडकली तर गुळाचा, दूध नासलं तर कोरा, पण चकती दाखवणाऱ्याला त्यांनी कधी परत पाठवलं नाही.

एकदा एका गँगमननं घरी बसून नकली चकत्या कोरल्या. डाग बघताच जिभाऊंनी ओळखलं. आता खरपूस ऐकायला मिळणार म्हणून आम्ही कान टवकारले, तर त्यांनी त्याला चहा पाजला आणि एवढी कोरीव मेहनत अर्ध्या आण्यात कशी परवडते रे, असं अगदी मायेनं विचारलं. तो असा ओशाळला की पुन्हा भोपळ्याच्या वाटेला गेला नाही. पुढे सरकारनं तांब्याचा भोकाचा पैसा काढला, तेव्हा जिभाऊ तो हातात नाचवत बाजारभर फिरले. "सरकारनी मन्ही नक्कल करी," असं दिसेल त्याला सांगत होते.

युद्ध संपलं, चिल्लर परतली. जिभाऊंचे गुडघे कुरकुरायला लागले होते आणि लेक कळसाडीहून या, या म्हणून निरोप धाडत होती. दुकान विकायचं ठरलं. त्याआधी चकत्या परत घ्याव्यात म्हणून त्यांनी बाजारात दवंडी पिटवली. पुष्कळ आल्या, पण बऱ्याच आल्याच नाहीत. सगळा घोटाळा त्या भोकानं केला होता! डोंगरातल्या बायकांची चांदीचे रुपये गळ्यात ओवायची चाल. जिभाऊंचा पैसा हाही पैसाच, त्यात आयतं भोक, म्हणून बायांनी तो रुपयांच्या शेजारी ओवून टाकला होता. अर्धा आणा घे आणि चकती दे म्हटलं, की त्या हसून माळ पदराखाली सारायच्या.

दुसरा कुणी म्हणाला असता, बरं झालं, तेवढे चहा वाचले. जिभाऊंची झोप उडाली. "मी कसा जाऊ, बाबू? मन्हा शब्द लोकेस्ना गयामा शे." उद्या अडीनडीला एखादी बाई गळ्यातली चकती काढून आणेल आणि नवा मालक तिला भोपळा म्हणेल, ही त्यांची धास्ती. त्यापायी चकत्या घ्यायला राजी नसलेली दुकानाची दोन चांगली गिऱ्हाइकं त्यांनी परतवून लावली. शेवटी नवापूरकडच्या एका गृहस्थानं चकत्या घ्यायचं कबूल केलं आणि दुकान त्याला मिळालं. तरी शब्द देणं निराळं आणि देणाऱ्याची गाडी सुटल्यावर तो पाळणं निराळं. जिभाऊंच्या मनाला काही स्वस्थता नव्हती.

निघायचा दिवस बाजाराचाच होता. फलाटावर ट्रंकेवर बसून ते कुंपणापलीकडे दुकानाकडे टक लावून होते. मोळी विकून आलेली एक ओळखीची बाई त्यांना पाहून थांबली. आपल्या बोलीत तिनं कुठं निघालात म्हणून विचारलं आणि आता परत येणार नाही हे ऐकून घेतलं. मग दुकानाकडे गेली, माळेचा दोरा दातांनी सोडला आणि एक चकती नव्या मालकापुढे ठेवली. जिभाऊंनी माझं मनगट घट्ट धरलं.

मालकानं चकती गल्ल्यात टाकली आणि कप भरला. बाई कपबशी घेऊन फलाटावर आली आणि तिनं ती जिभाऊंच्या हातात दिली.

इतकी वर्षं त्या चकतीवर त्यांनी साऱ्या गावाला चहा पाजला होता, पण स्वतः कधी प्यायले नव्हते. गाडी आत येत होती, मी आटपा, आटपा म्हणत होतो. त्यांनी चहा बशीत ओतला आणि फुंकर घालत सावकाश प्यायला. डोळे भरले होते त्यांचे, आणि खोटं कशाला बोलू, माझेही. कपबशी बाईला परत देऊन ते डब्यात चढले आणि खिडकीतून वाकून मला म्हणाले, "साखर कमी शे, बाबू. पन पैसा खरा शे."