ड्रॉवरमधला बिल्ला

लेक अणुसंशोधनाच्या प्रयोगशाळेत काम करते. गेल्या हिवाळ्यात ती सुट्टीवर आली, तेव्हा आमच्या मनीषनगरच्या फिल्म क्लबात नेमका त्याच विषयावरचा एक जुना परदेशी सिनेमा लागला होता. तिच्याकडून समजून घेऊ, म्हणून मीच हौसेनं तिला घेऊन गेले.

पडद्यावर शास्त्रज्ञ भांडत होते. हे शोधायचं का, शोधलं तर कुणाच्या हाती जाईल, वगैरे. मला रागच आला. भांडा बाबांनो, पण आधी जेवून तर घ्या, ताटं निवून चालली! तेवढ्यात त्यांच्यातल्या एकानं अणुभट्टीत शिरण्याआधी छातीवरचं काहीतरी काढून ड्रॉवरमध्ये टाकलं.

“काय ठेवलं वं त्यानं?”

“बिल्ला. अंगावर किती किरणं पडली ते त्यात उमटते. जास्त निघाली की कामावरून बाजूला बसवतात.”

“मग काढला काहून?”

“बाजूला बसायचं नसते म्हणून.”

बोलता बोलता तिचा हात स्वतःच्या छातीकडे गेला, मंगळसूत्र चाचपावं तसा. पुढचा सिनेमा मी नुसता डोळे उघडे ठेवून पाहिला.

घरी आल्यावर चप्पल काढायच्या आत विचारलं, “तूही ठेवते का ड्रॉवरमंधी?”

“आई, प्रयोग अर्ध्यावर होता. थोडंसंच काम राहिलं होतं.”

“काही होऊन राहिलं का तुले?”

“काहीच नाही. तेच तर आहे नं. त्याले वास नाही, धूर नाही. काही समजतच नाही.”

मी नको नको ते बोलले. एवढं शिकवलं ते यासाठी का, परत जायचं नाही, सगळं. ती शांतपणे म्हणाली, “मी सोडलं तर दुसरा कोणी करेलच नं.” हेच वाक्य मी तासाभरापूर्वी पडद्यावर ऐकलं होतं.

मग निघायचा दिवस आला. दरवेळी ती निघताना मी मीठ, मोहरी, लाल मिरच्या घेऊन दृष्ट काढायला जाते आणि ती “अंधश्रद्धा, अंधश्रद्धा” करत घरभर पळते. यावेळी रागात मी हातच लावला नव्हता. बॅग दाराशी ठेवून तिनं स्वतः पाट ओढला आणि पूर्वेकडे तोंड करून बसली.

“आई, काढ नं.”

मला खरी भीती वाटली ती तेव्हा.

मी ओवाळलं आणि सगळं तापल्या तव्यावर टाकलं. दृष्ट जबर असली तर मिरच्या जळूनही ठसका लागत नाही, असं आमच्याकडे मानतात. मिरच्या काळ्या पडल्या. आम्ही दोघी तव्याकडे बघत उभ्या राहिलो. कुणीच खोकलं नाही.

“जुन्या असतील,” ती म्हणाली.

“हो, जुन्याच आहेत,” मी म्हणाले.

मिरच्या भिवापुरी होत्या, त्याच आठवड्यात आणलेल्या. दुपारी त्यांच्याच फोडणीनं अख्खं घर खोकलं होतं.