फाटकासमोर बंद पडणारी मोटरसायकल

माझ्या सासऱ्यांची मोटरसायकल दर रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास त्यांच्या धाकट्या भावाच्या फाटकासमोर बंद पडायची. दहा पावलं अलीकडे किंवा दहा पावलं पलीकडे, पण पडायची तिथेच. आमच्या तालुक्यात एवढी वेळ पाळणारी दुसरी वस्तू मी पाहिलेली नाही.

यात दैवी असं काही नव्हतं. गाडी दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक, साधारण माझ्याच वयाची आणि माझ्याहून बरीच देखणी. दोन सिलिंडर म्हणून दोन सायलेन्सर आणि टाकीखाली दोन कॉइल. कॉइल म्हणजे मुठीत मावेल अशी डबी. बॅटरीचा मवाळ करंट घेऊन ती प्लगला सणसणीत ठिणगी पुरवते. आमच्या गाडीची डावी कॉइल म्हातारी झाली होती. थंड असताना नेकीने काम करायची. श्रीवर्धन सोडून आठ-नऊ किलोमीटर झाले, अंगात ऊन भरलं, की ती संपावर जायची. मग गाडी एकट्या उजव्या सिलिंडरवर लंगडत चालायची. सपाटीला मला आणि सासऱ्यांना कशीबशी ओढायची, पण पुढे चढ होता. चढ दिसला की ती एक उसासा टाकायची आणि बसायची. त्या चढाच्या पायथ्यालाच त्या धाकट्या भावाचं, म्हणजे काकांचं, घर. पाऊण तास थांबलं, कॉइल निवली, की गाडी काही झालंच नाही अशा थाटात चढ चढून जायची. चढापलीकडे अप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, सुपारीची वाडी. मोतीबिंदूनंतर त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं, म्हणून रविवारी मी त्यांना मागे बसवून वाडीवर न्यायचो.

अडचण एवढीच होती की अप्पा आणि काका एकमेकांशी बोलत नसत.

भांडणात माझा दोष नाही, पण निमित्त माझंच. माझ्या साखरपुड्याच्या दिवशी पेढे आणायला काका हीच गाडी घेऊन गेले होते. रस्त्याने वळसा पडतो म्हणून परत येताना ओहोटीच्या ओल्या वाळूवरून आले. समुद्राच्या वेळा काकांना तोंडपाठ. पण त्या दिवशी पेढेवाल्याने उशीर केला आणि भरतीने केला नाही. कार्ब्युरेटरमध्ये समुद्र शिरला. शेवटी गाडी, पेढे आणि काका असे तिघे बैलगाडीत बसून मांडवात आले. पेढे किंचित खारट होते. मी दोन खाल्ले.

अप्पा निवृत्त पोस्टमास्तर. तारेतले शब्द मोजण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे बोलतानाही मोजून बोलत. त्या दिवशी मात्र माझ्याकडच्या सगळ्या पाहुण्यांदेखत ते भावाला म्हणाले, "तुला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही."

ज्याला हे ऐकवलं तो माणूस खाडीवरच्या मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. इंजिनाला कान लावून आजार सांगायचा. काकांनी मान हलवल्याशिवाय नाखवा बोट बंदराबाहेर काढत नसे. काकांनी पेढ्यांचा पुडा माझ्या हातात ठेवला आणि ते पायी घरी गेले. त्यानंतर वीसेक वर्षांत दोघा भावांत शब्द नाही. लग्नकार्यात दोघे यायचे, पण वेगवेगळ्या पंगतीला.

त्यामुळे पहिल्यांदा गाडी त्या फाटकासमोर बंद पडली तेव्हा मला दरदरून घाम फुटला. अप्पा शांतपणे उतरले. फाटकाला लागून दगडांचा बुटका गडगा होता, त्याच्यावर रस्त्याकडे पाय सोडून बसले.

"अप्पा, हा त्यांचा गडगा आहे," मी कुजबुजलो.

"गडगा हद्दीवर असतो. अर्धा रस्त्याचा."

थोड्या वेळाने काकी कोकमच्या सरबताचे पेले घेऊन आल्या. "जावई उन्हात उभे हायत," असं त्यांनी कुणी न विचारता जाहीर केलं. मागोमाग काकांनी खुर्ची आणली आणि गडग्याच्या आतल्या बाजूला, अप्पांकडे पाठ करून बसले. दोघांच्या पाठींमध्ये दीड हात अंतर.

"जावईबापू," अप्पा समुद्राकडे बघत म्हणाले, "यांचा गुडघा कसा आहे म्हणावं."

मी वळलो. "काका, अप्पा विचारतायत..."

"सांगा त्यांना, गुडघा हाय गुडघ्याच्या जागी. आन् त्यांचे डोळे?"

"म्हणावं, दिसायचं ते दिसतं."

पोस्टमास्तरांच्या जावयाला टपाल वाहणं आलंच. पुढे कित्येक महिने मी दर रविवारी पाऊण तास हे काम केलं. सुरुवातीला गुडघा, साखर, पोफळींवरचा रोग अशी कामकाजाची पत्रं असायची. मग मजकूर वाढला. लहानपणी विहिरीत पडलेली घागर नेमकी कुणी पाडली, यावर दोघांनी माझ्यामार्फत तीन रविवार वाद घातला. एकदा त्यांच्या आईच्या हातच्या फणसाच्या सांदणांचा विषय निघाला आणि दोघेही गप्प झाले. तेव्हा मला न्यायला काहीच नव्हतं. मी आपला सरबत पीत उभा राहिलो.

गाडीकडे मात्र काका ढुंकूनही बघत नसत. मी प्लग काढून फुंकायचो, वायरी ओढून बघायचो, आणि ज्या माणसाने एका नजरेत आजार सांगितला असता तो आभाळातले ढग मोजायचा. इंजिनातलं कळत नाही ना? मग नाही कळत.

आता माझा दोष. मी हुशार आहे. मोबाइलवर दुरुस्तीचे व्हिडिओ बघून बघून मी त्या वर्षी आणखी हुशार झालो होतो. गाडी गरम झाली की एक सिलिंडर मरतो, निवली की जगतो, म्हणजे कॉइल, हे निदान मी स्वतः केलं आणि आठवडाभर स्वतःवर खूश होतो. अप्पांपाशी गॅरेजचा विषय काढला की ते म्हणायचे, "जुनी गाडी आहे. तिच्या कलाने घ्यावं." मी म्हटलं, म्हातारा चिकट आहे, आपण त्याला चकित करू. दोन नव्या कॉइल मागवल्या. जुन्या गाड्यांना दोन्ही एकदम बदलाव्यात, असं व्हिडिओतला माणूस म्हणाला होता.

शनिवारी दुपारी अप्पा झोपल्यावर अंगणात माझा प्रयोग लागला. सीट काढली, टाकी उतरवली, जुन्या कॉइलचे बोल्ट गंजलेले, ते रॉकेल पाजून पाजून सोडवले. नव्या बसवल्या, वायरी जोडल्या, टाकी चढवली, आणि रंगमंचावर प्रवेश घ्यावा तशी किक मारली. सायलेन्सरमधून असा बार निघाला की शेजारच्या वाडीत पोफळीच्या शेंड्यावर चढलेल्या गड्याने तिथूनच माझ्या सात पिढ्यांची आस्थेने चौकशी केली. डाव्याची वायर उजव्याला आणि उजव्याची डाव्याला लागली होती. बदलल्या. पुन्हा किक. या खेपेला दोन्ही सायलेन्सर एका सुरात बोलू लागले. मला स्वतःला वन्समोअर द्यावासा वाटला. जुन्या कॉइल मी त्याच संध्याकाळी भंगारवाल्याला देऊन टाकल्या.

रविवारी निघालो. आठ किलोमीटर, नऊ किलोमीटर, गाडी मस्त. चढ समोर आला तेव्हा मी गिअर उतरवला आणि मूठ पिळली. काकांच्या घरावरून आम्ही असे गेलो की फाटकाच्या कड्या वाजल्या असतील. आरशात मला काकी दिसल्या, हातात पेले. खुर्ची आधीच बाहेर मांडलेली होती आणि काका तिच्यातून अर्धवट उठले होते. उठायचं की बसायचं हे ठरेना, असे.

"कशी वाटली, अप्पा?" मी चढावरून ओरडलो.

वाडीवर पोहोचल्यावर त्यांनी पाण्याच्या पाटात चूक काढली, गड्यात काढली, मग पोफळींच्या उंचीत काढली. मी कॉइलची हकिकत रंगवून सांगितली. ती संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"जुन्या कुठे आहेत?"

"भंगारात दिल्या."

"देणारच," अप्पा म्हणाले.

परतताना काकांचं फाटक लावलेलं होतं. खुर्ची आत गेली होती.

घरी बायकोने दारातच गाठलं. तिला काकींचा फोन आला होता. "काकी म्हणाल्या, गाडी दुरुस्त केली म्हणे अप्पांनी, बरं झालं. आता थांबायचा त्रास नको. आणि फोन ठेवला." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "अहो, तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?"

"काय?"

"अप्पा ती गाडी गॅरेजला का टाकू देत नव्हते ते."

मी खुर्चीवर बसलो. दर रविवारी मी तिथे हजर होतो, प्रत्येक निरोप माझ्या तोंडून गेला होता, आणि तरीही मला वाटत होतं की आम्ही तिथे कॉइल निवायची वाट बघतोय.

"मग अप्पांनी सरळ थांबा म्हणावं की."

"अप्पा? सरळ?" ती हसली, पण फार नाही. "वीस वर्षांत पहिल्यांदा बोलायला लागले होते. आता काकांना वाटतंय, अप्पांनी मुद्दाम गाडी नीट करून त्यांच्या तोंडावरून नेली. पुन्हा पंगती वेगळ्या. पुढच्या रविवारी ती गाडी तिथे बंद पडली पाहिजे. कशी ते तुम्ही बघा. तुम्हाला फार येतं ना."

दुसऱ्या रविवारी अप्पा पाऊस नसताना पावसाचं कारण सांगून घरीच राहिले. भंगारवाल्याकडे गेलो, तर माल आदल्याच दिवशी पुढे गेलेला. चालती गाडी बंद पाडण्याचा व्हिडिओ कुणी केलेला नाही. शेवटी सोपा मार्ग सुचला. टाकीखाली डाव्या हाताला पेट्रोलचा कॉक असतो. तो चालता चालता बंद केला की कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडी धावते आणि मग मरते. थोडी म्हणजे किती, हे काढण्यासाठी मी शनिवारी त्या रस्त्यावर तालीम केली. पहिल्या वेळी गाडी सुकत घातलेल्या बोंबलांपाशी थांबली. दुसऱ्या वेळी थेट चढाच्या मध्यावर. तिसऱ्या वेळी हिशेब जमला: ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्याजवळ कॉक फिरवायचा.

रविवारी मी अप्पांना जवळजवळ उचलूनच मागे बसवलं. मोरी आली. मी डावा हात मांडी खाजवल्यासारखा खाली नेला. अभिनय उत्तम झाला. टू-स्ट्रोक गाडी पेट्रोलवाचून मरताना एकदा जोरात ओरडते, तशी ती ओरडली आणि फाटकाच्या चार पावलं पुढे गप्प झाली.

"अरेरे," मी म्हणालो, "पुन्हा तेच!"

अप्पा उतरले आणि गडग्यावर जाऊन बसले. फाटक बंद होतं. काकी आल्या नाहीत. मी किकवर किक मारत होतो आणि माझं मलाच ते नाटक लांबल्यासारखं वाटायला लागलं होतं. पाच मिनिटांनी काका पायरीवर आले. खुर्ची आणली नाही. फाटक उघडून सरळ गाडीकडे आले आणि इतक्या रविवारांत पहिल्यांदाच तिच्यापाशी वाकले.

त्यांनी टाकीखाली पाहिलं. दोन नव्या कॉइल तिथे लग्नातल्या करवल्यांसारख्या चमकत होत्या. मग नजर खाली कॉकवर आली. आडवा. बंद. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी सगळी बोटं पुसायला घेतली.

काकांनी एकवार अप्पांच्या पाठीकडे पाहिलं. मग कॉइलच्या वायरीला उगाच एक बोट लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"जावईबापू, सांगा त्यांना. कॉइल गेलीय. तापली का जाते. तासभर तरी लागंल."

मी तोंड उघडलं. "अप्पा, काका म्हणतायत..."

"ऐकलं मी," अप्पा म्हणाले. चष्मा काढून त्यांनी धोतराच्या टोकाने सावकाश पुसला. "तुम्ही मध्ये बोलू नका. त्याला इंजिनातलं कळतं."

काका वाकलेलेच राहिले. वायरीवरचं बोट काढायला विसरले. अप्पांनी एक पाय उचलला, मग दुसरा, आणि गडग्यावर जागच्या जागी फिरून ते घराकडे तोंड करून बसले. आतून पेल्यांचा आवाज आला.

"दादा," काका गाडीला म्हणाले, मग सरळ उभे राहून भावाला म्हणाले, "सरबत घेतोस का चहा?"

"आधी सरबत. मग चहा."

तासाचा दीड तास झाला. मला कुणीही काही सांगायला लावलं नाही, त्यामुळे मी बराचसा वेळ रस्त्यावर उभा राहून बोंबलांच्या दोऱ्या बघितल्या. विहिरीतली घागर अप्पांनीच पाडली होती, हे त्या दिवशी कबूल झालं एवढं ऐकू आलं.

निघायची वेळ झाली. मी सीटवर बसलो, अप्पा मागे बसले, काका फाटकापर्यंत आले. मी किक मारायला पाय उचलला तेव्हा अप्पा माझ्या कानाशी वाकले.

"कॉक उघडा, जावईबापू. नाहीतर ती इथून हलायची नाही."